वाकलेल्या म्हातारीचा इतिहास

मराठी मुलांच्या पुस्तकांमधली म्हातारी आठवून बघा. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी असो, नाहीतर जंगलात मोळी बांधणारी. पाठीला बाक, हातात काठी, तोंड जमिनीकडे. म्हातारा काढायचा तर चित्रकाराला टक्कल किंवा पांढरी मिशी पुरते, म्हातारीला मात्र वाकवावंच लागतं. बाई म्हातारी झाली की वाकते, हे आपण इतकं गृहीत धरलंय की ती का वाकते असा प्रश्नच कुणाला पडत नाही.

ती वाकते कारण बहुतेक वेळा तिच्या पाठीचे मणके चेपलेले असतात. एकदम नाही, एकेक करून. कधी पाण्याची कळशी उचलताना, कधी नुसतं शिंकताना. मणका पुढच्या बाजूने दबतो, पाचरीसारखा होतो, आणि असे तीन-चार झाले की पाठ पुढे झुकते आणि उंची दोन-तीन इंचांनी कमी होते. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की मणक्यांच्या अशा मोडण्यापैकी साधारण दोन तृतीयांश कुणाच्या लक्षातच येत नाहीत. कंबर धरली, शेक घेतला, चार दिवस पडून राहिलं, संपलं. आमच्या मालवणकडे कुठल्याही घरात विचारा, अशी एक आजी सापडेलच. तिची पाठ मोडली होती असं कुणी म्हणत नाही. "वाकली" म्हणतात.

या वाकण्याचा इतिहास कुठे लिहिलेला मिळतो का, हे गेले काही महिने शोधत होते. पन्नाशी ओलांडल्यावर असली वाचनं आपोआप सुरू होतात. सापडलं ते तुकड्यातुकड्यांत सापडलं, आणि त्यातले काही तुकडे अगदी आपल्या दाराशी येऊन ठेपतात.

आपल्याकडे हाडं हलकी आणि दुबळी होतात हे पूर्वीपासून ठाऊक होतं. चरकसंहितेत मज्जाक्षयाच्या लक्षणांमध्ये ते येतं. युरोपात १८१४ साली डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यचिकित्सकाने मनगटाच्या मोडण्याचं वर्णन लिहिलं. हात टेकून पडल्यावर मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकडं होतं ते. क्ष-किरण यायला अजून ८१ वर्षं होती, त्याने ते केवळ हाताने चाचपून ओळखलं. (इकडे मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.) त्यानंतर थोड्याच वर्षांनी लंडनच्या ॲस्टली कूपरने लिहून ठेवलं की म्हातारपणी हाडं पातळ होतात, आणि फूटपाथच्या कडेवरून नुसता पाय घसरला तरी खुब्याचं हाड मोडतं. त्याच सुमारास स्ट्रासबुर्गच्या लोबस्टाइन नावाच्या डॉक्टराने सच्छिद्र हाडांना 'ऑस्टिओपोरोसिस' हे नाव दिलं. म्हणजे नाव मिळालं, वर्णन मिळालं, पण हे मुख्यतः बायकांनाच का होतं हे कळायला आणखी शंभरेक वर्षं जावी लागली.

ते कळलं बोस्टनमध्ये, १९४०-४१ साली. फुलर ऑल्ब्राइट या डॉक्टराने आपल्या ठिसूळ हाडांच्या पेशंटची यादी मांडली तेव्हा ४२ पैकी ४० जणी पाळी थांबलेल्या बायका निघाल्या. काहींची पाळी ऑपरेशनने अंडाशय काढल्यामुळे लवकर थांबली होती. त्याने सरळ सांगितलं की हा नुसत्या वयाचा परिणाम नाही, पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं त्याचा हा परिणाम आहे. आज हे वाक्य साधं वाटतं. पण त्याआधी हजारो वर्षं जगभरच्या वाकलेल्या बायकांना "वय झालं" एवढंच उत्तर मिळत होतं. आणि खरं सांगायचं तर अजूनही मिळतं.

हे नेमकं कसं होतं ते समजून घ्यायला मला आमचा किल्ला उपयोगी पडला. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. पायात शिसं ओतलं, वर चिरे आणि चुना. त्याच किल्ल्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात उमटलेला जपून ठेवलाय, तो बघायला लोक होडीने जातात. चुना म्हणजे कॅल्शियमच. हाडाचा गिलावाही कॅल्शियमचाच, आत कोलॅजेनचे धागे. फरक एवढाच की किल्ला एकदा बांधून झाला की गवंडी घरी जातात, हाडातले गवंडी कधीच जात नाहीत. एक टोळी जुनं हाड खणून काढत असते, दुसरी त्या खड्ड्यात नवं भरत असते. साधारण दहा वर्षांत सगळा सांगाडा बदलून होतो. तिशीपर्यंत भरणारे पुढे असतात, मग बरोबरी होते. इस्ट्रोजेन हा खणणाऱ्यांवरचा मुकादम. तो गेला की ते मोकाट सुटतात, आणि भरणाऱ्यांना काही तो वेग गाठता येत नाही. पाळी थांबल्यावरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांचं वीस टक्क्यांपर्यंत हाड जातं. दुखत नाही, खुपत नाही. साध्या एक्स-रेत दिसायलाही जवळजवळ ३० टक्के हाड जावं लागतं.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य बायकांची ५१ च्या आसपास. म्हणजे आपला मुकादम चार-पाच वर्षं आधीच जातो. त्यात गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले तर तो एका दिवसात जातो. जून २०१९ मध्ये आपल्या विधान परिषदेत सांगितलं गेलं की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढली गेली. ऊसतोड मजूर बायकांच्या निमित्ताने तो विषय निघाला होता. त्यातल्या पस्तीस-चाळिशीच्या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. ऑल्ब्राइटने तो १९४१ मध्येच विचारून ठेवला होता.

आता महाराष्ट्रातलाच दुसरा तुकडा, नाशिकचा. १९२१-२२ च्या सुमाराला नाशिकमध्ये हचिसन नावाच्या डॉक्टरांनी पटेल आणि शहा या सहकाऱ्यांबरोबर मऊ पडलेल्या हाडांचा अभ्यास केला. (हा आजार वेगळा, ऑस्टिओमलेशिया. यात हाडाची जागा तेवढीच राहते, पण चुना कमी पडतो.) त्यांना दिसलं ते उलटंच होतं. ज्या घरांत दूधतूप होतं पण बायका पडद्यात होत्या तिथे हाडं वाकत होती, आणि ज्या गरीब बायका अर्धपोटी राहून उन्हात राबत होत्या त्यांची हाडं सरळ होती. तिकडे अमेरिकेत मॅक्कॉलम याच वर्षांत ड जीवनसत्त्वाला नाव देत होता. नाशिकच्या या अभ्यासाबद्दल आपल्याकडे कुणी शाळेत शिकवत नाही, पण जगातल्या ड जीवनसत्त्वाच्या इतिहासात त्याचा उल्लेख येतो.

हे वाचून माझ्या मनात साहजिकच आलं, मग आमच्या मालवणच्या बायकांचं काय? त्या तर जन्मभर उन्हात. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढली की मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या. घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, महिन्याला मनीऑर्डर, आणि इकडे भाताची लावणी, शेणी, लाकडं, गुरं सगळं बाईच्या अंगावर. जर्मनीच्या युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलं होतं की हाडावर जसा भार पडतो तसं ते स्वतःला घडवतं. अंतराळवीरांना वजनच नसतं, तर त्यांचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्याने जातं. त्या न्यायाने डोक्यावरच्या पाटीने आमच्या बायकांची हाडं पोलादी व्हायला हवीत.

आणि जेवण? १९३७ मध्ये कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले. तेच पुढे वाढत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे झाले. त्या तक्त्यांमध्ये आमचं सगळं स्वयंपाकघर आहे. १०० ग्रॅम तांदळात कॅल्शियम १० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत ३४४ (२०१७ च्या नव्या तक्त्यात ३६४). कुळथात २८७. शेवग्याच्या पाल्यात ४४०. तिळात तर १४५०. गाईच्या दुधात १२०. म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी आणि गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर होणारी शेवग्याच्या पाल्याची भाजी, हे सगळं जणू हाडांच्या डॉक्टरनेच लिहून दिलेलं. वर काट्यासकट खायचे पेडवे आणि गोलमो.

इथे लेख संपवून "आपले पूर्वज किती शहाणे" म्हणता आलं असतं. तशा मजकुराला आजकाल तोटा नाही, रोज सकाळी फोनवर येतोच. पण हिशेब तसा जुळत नाही.

एक तर १९४१ ते ५१ या दशकात भारतात सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. त्यात बालमृत्यू खूप होते हे धरलं तरी बाळंतपणं, हिवताप, क्षय यांतून सुटून सत्तरी गाठणाऱ्या बायका थोड्या. ज्या गाठायच्या त्या मुळात काटक. आज आपण त्यांच्याच आठवणी सांगतो, कारण आठवणी राहायला त्याच उरल्या. दुसरं म्हणजे त्यांतल्याही पुष्कळ वाकल्या होत्याच, चित्रातली म्हातारी काही आकाशातून पडली नाही. आणि तिसरं, ऊन असलं तरी ड जीवनसत्त्व असेलच असं नाही. २००० साली दिल्लीत धडधाकट माणसांच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा भर उन्हाच्या देशात बहुतेकांमध्ये ते कमी निघालं. सावळी त्वचा, अंगभर कपडे, आणि आमच्याकडे तर चार महिने पावसाचं मळभ.

मग त्या जेवणाचं काय झालं? नाचणी पिकायची डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत. तिची लावणी, कापणी, झोडणी सगळी हातानं, आणि बहुतेक बायकांच्याच हातानं. रेशनवर तांदूळ मिळू लागला, आणि १९९०-९१ पासून रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. वरकसावर काजू आणि हापूस उभे राहिले. घरात पैसा आला, मुलं शिकली. ज्या बाईने चिखलात वाकून आयुष्यभर नाचणी लावली तिला तुम्ही सांगणार का की तो जुना काळ चांगला होता? नाचणी सुटली ती आळसाने सुटली नाही, तिच्यामागे कष्ट आणि कमीपणा दोन्ही होते. भात हे भरल्या घराचं अन्न, नाचणी गरिबाचं. २०२३ साल भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं गेलं आणि आता तीच नाचणी शहरात चकचकीत पिशवीतून बिस्किटं होऊन विकली जाते. असो.

मला खटकतं ते वेगळंच. नाचणी आपल्या घरातून पूर्ण गेली नव्हतीच. बाळाला सत्व म्हणून ती होती, आजाऱ्याला आंबील म्हणून होती. या दोघांच्या मधली, सगळ्यांचं आवरून मागाहून जेवणारी पंचेचाळीस वर्षांची बाई, तिच्या ताटात मात्र उरलेला भात आणि कढी. दूध मुलांना आणि पुरुषांना. खणणाऱ्या टोळीचा मुकादम नेमका त्याच वर्षांत घर सोडून जात असतो.

माझ्या मोठ्या मावशीचं उदाहरण सांगते. अठ्ठावन्नाव्या वर्षी पावसात मागच्या दारी चिऱ्याच्या पायरीवर घसरली, हात टेकला, मनगट गेलं. कॉलिसने सांगितलेलं, तसंच्या तसं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, "आता बरं आहे" म्हणून घरी पाठवलं. हाड एवढ्याशा पडण्याने का मोडलं, हे त्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही. तिनेही नाही. "माका काय एक झाला नाय," म्हणत आठवड्यात विहिरीवर. सहा वर्षांनी न्हाणीत पडली आणि खुबा मोडला. बांबोळीला नेलं (आमच्याकडची मोठी दुखणी गोव्यालाच जातात), ऑपरेशन चांगलं झालं, पण ती परत पहिल्यासारखी चालली नाही. सोबतीशिवाय अंगणात उतरायची नाही. दुसऱ्या पावसाळ्यात गेली. खुबा मोडलेल्यांपैकी पाचातला निदान एक वर्षभरात जातो असं जगभरचे आकडे सांगतात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं स्वतःच्या पायावर फिरणं जातं. मावशीची ती सहा वर्षं माझ्या डोक्यातून जात नाहीत. काहीतरी करण्यासारखी नेमकी तीच वर्षं होती.

कारण तोवर करण्यासारखं पुष्कळ उपलब्ध झालं होतं. १९७० मध्ये मनमोहन सिंग नावाच्या डॉक्टरांनी (आपले पंतप्रधान नव्हेत!) खुब्याच्या साध्या एक्स-रेतल्या रेषांवरून हाडाची विरळता मोजायची पद्धत सांगितली. १९८८ पासून डेक्सा यंत्रं आली. झोपून राहायचं, दहा-पंधरा मिनिटांत हाडाची घनता कळते, टोचणं नाही की कापणं नाही. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रेघ आखून दिली: टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. औषधाची गोष्ट तर मजेदार आहे. नळात पाण्याचा क्षार साठू नये म्हणून कारखान्यांत जी द्रव्यं वापरत, त्यांच्या जातीची द्रव्यं हाडाला चिकटून खणणाऱ्या पेशींना आवरतात हे १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या हर्बर्ट फ्लाइशने दाखवलं. त्यातून १९९५ मध्ये ॲलेंड्रोनेट आलं. आठवड्याला एक गोळी, सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. आमच्याकडच्या बायकांना सगळं जमेल, तो अर्धा तास बिनचहाचा कठीण.

हार्मोन्सचा रस्ताही होता. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतला मोठा प्रयोग मधेच थांबवला, कारण खुब्याची मोडतोड कमी झाली तरी स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. पाळी थांबल्यावर लगेचच्या वर्षांत, काही बायकांना, ठराविक काळ ते उपयोगी असतं असं आता मानतात. तो निर्णय डॉक्टरबरोबर बसून घ्यायचा. तसंच सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. उत्तम आहे, पण आपल्या मनाने बंद केलं तर मणके पटापट मोडू शकतात. सुरू करतानाच पुढचं विचारून ठेवा.

आता माझ्या वयाच्या बायकांसाठी चार गोष्टी.

कॅल्शियम. २०२० च्या भारतीय शिफारशीत पाळी थांबलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. १०० ग्रॅम नाचणीच्या दोन भाकऱ्या म्हणजे साडेतीनशे, दोन पेले दूध किंवा दही-ताक म्हणजे साधारण पाचशे, त्यावर पिठी, पालेभाजी, तीळ, काट्यासकट बारीक मासे. जमतं. नाचणीतलं सगळंच अंगी लागत नाही, मोड काढून वाळवून दळली तर जास्त लागतं. सुकटीत कॅल्शियम भरपूर, पण मीठही भरपूर, म्हणून ती चवीपुरती. विड्यातल्या चुन्याच्या भरवशावर राहू नका. त्याच्याबरोबर येणाऱ्या सुपारीने कर्करोग होतो, आणि तंबाखू, मिशरी हाडांच्याही मुळावर येते. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या, कमी असेल तर सांगतील तेवढंच घ्या.

भार. आता विहिरीवर जायला नको, जातं नको, मोळी नको. ते गेलं हे चांगलंच झालं, पण हाडाला ते कळत नाही. रोज चालणं, जिने, थोडी वजनं, एका पायावर उभं राहून तोल सांभाळणं. मात्र मणके आधीच विरळ असतील तर कमरेतून वाकून जड उचलू नका.

पडणं. मोडतं ते पडल्यामुळे. मागच्या दारच्या चिऱ्यावरचं शेवाळ पावसाळ्यात खरवडून ब्लिचिंग टाका. न्हाणीत भिंतीला एक दांडा बसवून घ्या. गुळगुळीत फरशी मिरवायला छान, पण पाऊसभर ओल्या पायांचं घर असतं आपलं. रात्री उठताना दिवा लावा, विजेची बचत दुसरीकडे करा.

आणि चौथी, विचारणं. पन्नाशीनंतर किरकोळ पडून हाड मोडलं, उंची दीड-दोन इंच कमी झाली, पाळी पंचेचाळिशीच्या आत थांबली, किंवा दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने पोटात गेल्या (पुडीतून मिळणाऱ्या "झटपट" औषधांत त्या असू शकतात), तर पासष्ट वर्षांची वाट न पाहता हाडांची घनता तपासायला सांगा. प्लास्टर घालणाऱ्याने विचारलं नाही तर आपण विचारायचं: हे एवढ्याने का मोडलं?

आई, मावशी, आत्या, काकू, जी कुणी घरात साठीच्या पुढे असेल तिला येत्या रविवारी भिंतीला पाठ लावून उभी करा आणि पेन्सिलीने खूण करा. मुलांची उंची आपण अशी दर वर्षी मोजतोच. तिच्या तरुणपणची उंची तिला बहुधा ठाऊक असते, किंवा लग्नातल्या फोटोत ती कुणाच्या खांद्याला लागत होती ते दिसतं. फरक दोन इंचांचा निघाला तर "वाकली" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरकडे न्या.